मॉडेलिंग करणाऱ्या मुलीला सिनेमात जायचंय, कॉलेज सोडू द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला कळला तो असा. तुम्ही कोपरखैरण्याला राहता. मुलगी वीस वर्षांची, एस.वाय. बी.कॉम.ला आहे. दीड वर्षापासून साड्या आणि कुर्त्यांच्या कॅटलॉगसाठी मॉडेलिंग करते, महिन्यातून चार-पाच दिवस काम मिळतं. आता तिला सिनेमात जायचंय. एका को-ऑर्डिनेटरने सांगितलंय, कॉलेज सोडून पूर्ण वेळ द्या, ८५ हजारांचा पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, करा, सहा महिन्यांत मोठ्या बॅनरचं काम मिळवून देतो. तुम्ही नको म्हणालात तेव्हा ती म्हणाली, "दीपिका पण मॉडेलच होती, तिनेही कॉलेज सोडलंच होतं." यावर काय बोलावं ते तुम्हाला सुचलं नाही.

मी ठाण्यात, नौपाड्यात, एकवीस वर्षं अभिनयाचे वर्ग घेते आहे. त्याआधी सात वर्षं जाहिरातींच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे कलाकार निवडण्याच्या कामात, सहायक होते. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून "नाव सांग, उंची सांग, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, हात दाखव" म्हणण्याचं काम माझं होतं. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, वाशी, पनवेल इथून मॉडेलिंग करून अभिनयाकडे येणाऱ्या मुली मी सतत बघत आले आहे. त्यामुळे जे लिहितेय ते त्या अनुभवातून. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तिला अभिनय येतो की नाही हे मी सांगू शकत नाही आणि न बघता कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे निर्णय एकात मिसळलेत. मॉडेलिंगमधून अभिनयात जाता येतं का, हा पहिला. त्यासाठी कॉलेज सोडावं लागतं का, हा दुसरा. आणि या माणसाला पैसे द्यायचे का, हा तिसरा. त्या माणसाने तिन्ही एकत्र बांधून दिलेत, म्हणून एकाला हो म्हटलं की तिन्हींना हो म्हटल्यासारखं होतं. ते सुटे करा.

दीपिका पदुकोणचंच आधी बघू, कारण मुलीचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. तिने कॉलेज पूर्ण केलं नाही हे खरं. बंगळुरूच्या माउंट कार्मेल कॉलेजात ती होती, पुढे इग्नू या मुक्त विद्यापीठात समाजशास्त्राच्या बी.ए.ला नाव घातलं, मॉडेलिंगच्या तारखांपुढे तेही राहून गेलं. पण क्रम बघा. 'लिरिल' साबणाच्या जाहिरातीमुळे लोक तिला ओळखायला लागले. २००५ मध्ये ती लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर आली आणि त्याच वर्षी किंगफिशर फॅशन अवॉर्ड्समध्ये तिला मॉडेल ऑफ द इयर मिळालं. म्हणजे काम अंगावर येऊन पडलं आणि मग कॉलेज सुटलं. तुमची मुलगी उलट करायला निघाली आहे. कॉलेज आधी सोडायचं आणि मग काम येईल याची वाट बघायची.

दुसरी गोष्ट मुली विसरतात. २००६ मध्ये हिमेश रेशमियांच्या गाण्याच्या व्हिडिओत ती दिसली आणि सिनेमांच्या विचारणा सुरू झाल्या. तेव्हा आपण अजून कच्चे आहोत असं तिला वाटलं आणि ती अनुपम खेर यांच्या संस्थेत अभिनय शिकायला गेली. विचारणा होत असताना शिकायला गेली, हे मुलीला मुद्दाम सांगा. पहिला सिनेमा तिने कन्नडमध्ये केला, २००६ सालीच. मुंबईला राहायला आली ती मावशी-आत्याकडे उतरावं तशी नातेवाइकांच्या घरी. नोव्हेंबर २००७ मध्ये 'ओम शांती ओम' आला आणि ती देशभर माहीत झाली, पदार्पणाचं फिल्मफेअरही मिळालं. पण त्या सिनेमात तुम्हाला जो आवाज ऐकू येतो तो तिचा नाही. मोना घोष शेट्टी या डबिंग कलाकाराचा आहे. चेहरा, चालणं, नाचणं, साडीत वावरणं हे सगळं मॉडेलिंगने तिला दिलं होतं, आवाज दिला नव्हता.

त्यानंतर पाच वर्षं ती काम करत राहिली. काही सिनेमे चालले, काही पडले. तिच्या अभिनयाबद्दल लोक खऱ्या अर्थाने बोलायला लागले ते २०१२ च्या 'कॉकटेल'पासून. आणि २०१५ चा 'पिकू' मुलीबरोबर बसून बघा. जेवणाच्या टेबलावर वडील पोटाच्या तक्रारी सांगताहेत आणि ही जेवतेय, चिडतेय. आपण सुंदर दिसतोय की नाही याचं तिला भान नाही. त्या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. २००७ ते २०१५, आठ वर्षं झाली मध्ये. मुलगी दीपिकाचं नाव घेते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर २००७ चं पोस्टर असतं. ही आठ वर्षं नसतात. आणि त्याआधीची बॅडमिंटनची वर्षंही नसतात. राष्ट्रीय पातळीवर खेळलेली मुलगी आहे ती. पहाटे पाचला उठून सराव, मग शाळा, परत सराव, असं तिचं लहानपण गेलं. रोज तेच तेच करत राहण्याची सवय अंगात मुरलेली होती.

आता मॉडेलिंग काय देतं ते सांगते, कारण ते कमी लेखण्यासारखं मुळीच नाही. तुमची मुलगी एका दिवसात तीस-चाळीस साड्या बदलत असेल. दहा तास उभी राहत असेल. तोंडावर दिवा कुठून येतोय हे तिला न बघता, गालावर पडणाऱ्या उबेवरून कळत असेल. वेळेवर पोहोचायचं, केस-मेकअपला शांत बसायचं, निऱ्या आणि पदर मघाच्या फोटोसारखाच ठेवायचा, कोणी ओरडलं तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे तिला येतं. नाट्यशास्त्र शिकून आलेल्या कित्येक मुलांना सेटवर हे शिकायला वर्ष लागतं. शिवाय नकाराची सवय होते. 'लूक जमत नाही' हे वीस वेळा ऐकलेली मुलगी एकविसाव्या वेळी घरी येऊन रडत नाही. आणि चार पैसे मिळतात, ज्यातून स्वतःच्या शिकण्याचा खर्च ती स्वतः करू शकते.

पण मॉडेलिंगमुळे अंगात काही खोडीही बसतात. त्या मोडायला वेळ लागतो. हे नुसतं सांगून कळायचं नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

घणसोलीची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तीन वर्षं दागिन्यांचे आणि साड्यांचे कॅटलॉग केलेली. मी तिला चार वाक्यांचा सीन दिला. नोकरी गेली आहे आणि हे आईला सांगायचंय, एवढंच. पाठांतर चोख होतं. पण प्रत्येक वाक्य संपलं की ती अर्धा सेकंद थांबायची. हनुवटी जराशी खाली, चेहऱ्याची डावी बाजू कॅमेऱ्याकडे, श्वास रोखलेला. मी रेकॉर्डिंग दाखवलं तेव्हा तिला स्वतःलाच धक्का बसला. ती क्लिकची वाट बघत होती. तीन वर्षं तिच्या शरीराला हेच शिकवलेलं होतं की भाव चेहऱ्यावर आला की धरून ठेवायचा, फोटो निघेपर्यंत. अभिनयात भाव आला की जाऊ द्यावा लागतो, म्हणजे पुढचा येतो.

त्या दिवशी स्टेशनजवळून घेतलेली मेथीची जुडी माझ्या पिशवीत होती. ती तिच्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवली आणि म्हटलं, निवडत निवडत बोल. पहिल्या वेळी तिने मेथीची काडी छातीच्या उंचीवर धरली, करंगळी बाजूला, जणू त्या काडीचीच जाहिरात आहे. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तेच. दहा-अकरा वेळा झालं, तिचे डोळे भरून आले, मला वाटलं आता उठून जाईल. मग एक मातीने लडबडलेलं मूळ हातात आलं. तिने ते झटकलं, नखात माती गेली, ती नखाकडे बघत राहिली आणि तिसरं वाक्य तसंच, खाली बघतच म्हणाली, "उद्यापासून नाही जायचंय मला." आवाज थोडा घोगरा झाला होता. वर्गात बाकीची मुलं गप्प झाली. ते रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय आणि नव्या मुलींना दाखवते. त्या मुलीला पुढे घोडबंदर रोडला शूट होणाऱ्या एका मराठी मालिकेत चौदा दिवसांची छोटी भूमिका मिळाली. ती आजही कॅटलॉग करते, मधूनमधून मालिकांत दिसते, आणि तिचं काम दर वेळी थोडं अधिक चांगलं झालेलं असतं.

दुसरी अडचण आवाजाची. फोटोत आवाज लागत नाही, त्यामुळे मॉडेलिंग करणाऱ्या मुली गळ्याच्या वरवरच्या भागातून, बारीक आणि गोड बोलतात. वाक्याचा शेवट गिळतात. त्यावर रोजचा रियाज लागतो. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचं, वर्तमानपत्राचा अग्रलेख चालेल, कथा चालेल, आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी. तुमचं गाव साताऱ्याकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय. घरात जी बोली बोलता ती तिच्याकडून पुसून टाकू नका. प्रमाण मराठी तिला यायला हवी, हिंदी स्वच्छ हवी, पण गावाकडच्या भूमिकेसाठी तीच बोली तिला काम मिळवून देईल. शहरात वाढलेल्या मुली ती बोली नकलेसारखी बोलतात आणि ते लगेच कळतं.

मॉडेलिंग मॉडेलिंगमध्येही फरक आहे, आणि तो तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. कॅटलॉग वेगळं, रॅम्प वेगळा, छापील जाहिरात वेगळी, टीव्हीची जाहिरात वेगळी. रॅम्पला उंची लागते, साधारण पाच फूट सात-आठ इंचांपासून पुढच्या मुली घेतात. तुमची मुलगी पाच फूट तीन आहे, म्हणजे दीपिकाचा रॅम्पचा रस्ता तिचा नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, सिनेमाला आणि मालिकांना उंचीची तशी अट नसते. तिचा रस्ता टीव्ही आणि मोबाइलवरच्या जाहिरातींमधून जातो. वीस-तीस सेकंदांत चहाचा घोट घेऊन समोरच्याचं ऐकायचं आणि चेहऱ्यावर काहीतरी बदलायचं, हा अभिनयच आहे. कॅटलॉग करणाऱ्या मुलीने पुढचं पाऊल इथे टाकावं असं मी नेहमी सांगते. तिथे एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. एका ब्रँडची जाहिरात केली की ठरावीक काळ स्पर्धक ब्रँड तिला घेणार नाही, म्हणून कागदावर सही करताना ती जाहिरात कुठे कुठे आणि किती महिने दाखवणार हे वाचा. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं लिहिलेलं असेल तर त्या मानाने पैसे मागा, नाहीतर सोडून द्या.

मुलीला दीपिकाखेरीज आणखी दोन-तीन जणींचं आयुष्य माहीत असावं असं मला वाटतं. विद्या बालन तर तुमच्या खाडीपलीकडची, चेंबूरची. १९९५ मध्ये 'हम पांच' या मालिकेत ती होती. पण शिक्षण सोडलं नाही. सेंट झेवियर्स झालं, मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं. मधल्या काळात दक्षिणेतले सिनेमे हातात येऊन गेले, एक मोठा चित्रपट बंद पडला तर तिलाच अपशकुनी ठरवलं आणि तिच्या जागी दुसऱ्या घेतल्या. ती जाहिराती करत राहिली. ढिगाने केल्या. २००३ मध्ये एक बंगाली सिनेमा मिळाला आणि २००५ मध्ये 'परिणीता'. मालिकेपासून दहा वर्षांनी. पुढे २०११ च्या 'द डर्टी पिक्चर'साठी राष्ट्रीय पुरस्कार. जाहिरातींच्या त्या वर्षांकडे लोक थांबून राहिलेली वर्षं म्हणून बघतात, मी तशी बघत नाही. आज गृहिणी, उद्या नववधू, परवा बँकेतली कर्मचारी, असं रोज वेगळं माणूस उभं करायचं, तेही अर्ध्या मिनिटात. कास्टिंगच्या दिवसांत मी बघितलंय, अशा मुली एखादी गोष्ट दोन मिनिटांत पकडतात.

आणि आपली मधू सप्रे. नागपूरची मराठी मुलगी, खेळाडू, १९९२ मध्ये मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी मिस युनिव्हर्समध्ये सेकंड रनर-अप. भारतात सुपरमॉडेल हा शब्द ज्या मोजक्या जणींमुळे रुळला त्यातली ती एक. तिने सिनेमा केला तो २००३ चा 'बूम', आणि ती त्या वाटेने पुढे गेली नाही. त्याच सिनेमात आणखी एक मॉडेल पहिल्यांदा पडद्यावर आली होती, कतरिना कैफ. तो सिनेमा पडला. सुरुवातीला कतरिनाचाही आवाज दुसऱ्यांनी दिला, हिंदी तिला येत नव्हती, ती शिकत शिकत टिकली. म्हणून मॉडेलिंग म्हणजे अर्धवट राहिलेला अभिनय, असं मुलीने समजू नये. ते स्वतःचं एक पूर्ण काम आहे, त्यात मोठं होऊन तिथेच राहणं हेही यश आहे. तिला खरंच अभिनय करायचाय की मॉडेलिंगमधलं पुढचं पद म्हणून सिनेमा हवाय, हे तिला विचारा. उत्तर लगेच येणार नाही. येऊ नयेच.

कॉलेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि ते 'पदवी असलेली बरी' एवढ्यापुरतं नाही. ती कॉलेजात आहे म्हणूनच तिला एक गोष्ट जवळजवळ फुकट मिळू शकते आणि बाहेर पडली की ती परत मिळत नाही. ती म्हणजे एकांकिका. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव, आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) एकांकिका स्पर्धा, 'लोकसत्ता'ची लोकांकिका, या स्पर्धा कॉलेजच्या मुलांसाठी आहेत. दोन महिने रोज संध्याकाळी तालीम, तीस-चाळीस मिनिटांचं नाटक, पहिल्या रांगेत परीक्षक. मराठी मालिका आणि सिनेमात आज दिसणारी कितीतरी मुलं-मुली या एकांकिकांमधून आली आहेत. कास्टिंगची माणसंही बघायला येतात. सुरुवातीला तिला भूमिका मिळणार नाही, कदाचित प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला सांगतील. सांभाळू दे. विंगेत उभं राहून तीस वेळा एकच सीन ऐकला की दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे काय ते कळतं, आणि मॉडेलिंगमधून आलेल्या मुलींना नेमकं तेच कमी पडतं. तुमच्याकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, इकडे आमच्याकडे गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह. महिन्याला एक नाटक बघायला हरकत नाही. मागच्या रांगेचं तिकीट काढा आणि मागे बसूनही कोणाचा आवाज पोहोचतो, कोणाचा नाही, एवढंच बघायला सांगा.

कॉलेज कधी सोडावं लागेल? रोजच्या मालिकेत मुख्य भूमिका मिळाली तर. महिन्याचे वीस-पंचवीस दिवस, बारा-बारा तासांची शिफ्ट, त्यात ७५ टक्के हजेरी बसतच नाही. तसं झालं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. पण तो विचार हातात करार आल्यावर करायचा. आत्ता ती एस.वाय.ला आहे, दीड वर्षाचा प्रश्न आहे. महिन्यातले चार-पाच दिवस कॅटलॉग, दोन-तीन ऑडिशन्स आणि कॉलेज, हे जमतं. माझ्या वर्गातल्या मुली जमवतात.

आता ते ८५ हजार. देऊ नका. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण यात परिस्थितीनुसार बदलण्यासारखं काही नाही. काम देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस काम देत नाही. खरा को-ऑर्डिनेटर मिळालेल्या कामाच्या पैशांतून ठरलेला हिस्सा घेतो, आणि तोही पैसे आल्यावर. या धंद्यात पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागतात, हेही लक्षात ठेवा. 'आमचं कार्ड काढा, मग ऑडिशनला बोलावतात' असं म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. ऑडिशन द्यायला कुठलंही कार्ड लागत नाही. ऑडिशन दिवसा, ऑफिसात किंवा स्टुडिओत असते, हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या फ्लॅटवर नसते. तसं बोलावणं आलं तर जायचंच नाही, भूमिका कितीही मोठी सांगितली तरी. सेटवर काही चुकीचं घडलं तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तिथेही लागू आहे, आणि ती एका दिवसाच्या कामासाठी गेली असली तरी लागू आहे. हे तिला आधी माहीत असू द्या.

मग कास्टिंगला काय पाठवायचं? पाच फोटो, दोन बिनमेकअपचे, फिल्टर न लावलेले, साध्या कपड्यांत. कॅटलॉगचे चकचकीत फोटो बघून आम्हाला मुलगी कशी दिसते ते कळत नाही, मेकअप करणारा किती चांगला होता ते कळतं. एक मिनिटाचा परिचयाचा व्हिडिओ आणि अभिनयाचे दोन तुकडे, एक मराठी, एक हिंदी, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे. हे सगळं फोनवर घरी होतं. वरून पोर्टफोलिओ हवाच असेल तर एखाद्या चांगल्या छायाचित्रकाराकडून साधं सेशन काही हजारांत करून घ्या. उरलेले पैसे तिच्या शिकण्यावर आणि जाण्यायेण्यावर घालवा, कारण कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि मग कास्टिंगची ऑफिसं असलेल्या आरामनगरच्या त्या गल्ल्या, असं दिवसभर फिरून दोन ऑडिशन्स होतात आणि संध्याकाळी परत येताना मुलगी गळून जाते. आता पुष्कळ ठिकाणी पहिली फेरी घरून पाठवलेल्या व्हिडिओवर होते, ही तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. घरात तिच्या कमाईची गरज असेल तर कॅटलॉगचे दिवस कमी करू नका, शिकायला रविवार ठेवा. दोन वर्षं ती घरी राहून, खाण्या-राहण्याची चिंता नसताना प्रयत्न करू शकत असेल तर तिच्याकडे मोठी शिदोरी आहे. बाहेरगावाहून येऊन खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलींना भाड्यासाठी मिळेल ते काम घ्यावं लागतं. आणि स्वभाव. काही मुलींना काम नसलेला महिना सोसतच नाही. तसं असेल तर ते दोष म्हणून बघू नका, पण वेळेत ओळखा.

इथे तुमचं काम येतं. दीपिका २०१४ मध्ये नैराश्यातून गेली. तेव्हा ती यशाच्या शिखरावर होती. २०१५ मध्ये तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि मानसिक आरोग्यासाठी संस्थाही काढली. तिचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा ओळखलं ते तिच्या आईने, भेटायला आली होती तेव्हा. डॉक्टरांची मदत घ्यायला हवी हेही आईनेच सुचवलं. इतकी माणसं अवतीभोवती असताना आईला कळलं. तुमची मुलगी आत्ता तुमच्याशी भांडतेय, म्हणजे बोलतेय. ते बोलणं चालू राहील असं बघा. ऑडिशनहून आल्यावर 'काय झालं, निवड झाली का?' हा पहिला प्रश्न नको. जेवलीस का, कोण कोण भेटलं, सीन काय होता, हे विचारा. निवडीचं ती स्वतःहून सांगेल.

थोडक्यात, मॉडेलिंग चालू ठेवायचं, त्यातून जाहिरातींकडे जायचं, कॉलेज पूर्ण करायचं, या वर्षी एकांकिकेच्या गटात शिरायचं, आवाजावर रोज काम करायचं आणि त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. पुढच्या वर्षी युवा महोत्सव झाला की दोघी मिळून परत विचार करा.

आणि एक करा, याच आठवड्यात. तिला घरच्या घरी एक सीन रेकॉर्ड करू द्या. साधी भिंत, खिडकी तिच्या समोर, पाठीमागे नको. फोन आडवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, डब्यांवर पुस्तकं रचून ठेवला तरी चालेल. पंखा बंद, कुकरची शिट्टी होऊ देऊ नका. समोरच्या पात्राची वाक्यं तुम्ही म्हणा. तुम्ही बसायचं फोनच्या अगदी शेजारी, म्हणजे तिची नजर लेन्सच्या जवळ राहील. तुमचा आवाज तिच्यापेक्षा हळू ठेवा, कारण फोन तुमच्या जवळ आहे. अभिनय करू नका, नुसतं म्हणा, आणि तुमचं वाक्य संपल्यावर तिला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल तितका लागू द्या. मध्ये "बोल ना" म्हणू नका.